परदेशातल्या शाळेशी देवाणघेवाण: खर्च किती, कागद कोणते, पैसा कोणाच्या खात्यात?

अमरावती किंवा अकोल्यातल्या तुमच्या शाळेला परदेशातल्या शाळेशी मैत्री जोडायची आहे. मुलांनी मनावर घेतलंय, एखादे सर किंवा मॅडम पाठीशी आहेत. मग आधी हिशेब बघा. ओळख, पत्रं, गाणी, व्हिडिओ यांना जवळपास पैसे लागत नाहीत. प्रवासाला लागतात, पण ते आधी मोजता येतात. गाडी अडते ती देणगीत. ‘आम्ही तुमच्या वाचनालयासाठी थोडे पैसे गोळा केलेत, खाते क्रमांक पाठवा,’ असा निरोप परदेशातून येतो आणि इथे कोणीतरी उत्साहाने स्वतःचा खाते क्रमांक पाठवतं. ते करू नका. का, ते पुढे येईलच. आत्ता एवढंच धरून चाला: संस्कृती हवी तेवढी सीमेपार न्या, पैसा शक्यतो जिथे गोळा झाला तिथेच खर्च करा.

जोडीदार शाळा कुठली निवडायची?

जिथे भाषा, वेळ आणि व्हिसा यांपैकी किमान दोन गोष्टी सोप्या पडतील, ती.

मॉरिशस: तिथल्या शाळांमध्ये मराठी शिकवतात आणि मराठी मंडळ्या आहेत. घड्याळ आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे, म्हणजे दोन्ही शाळा भरलेल्या असताना बोलता येतं. भारतीय पासपोर्टवर थोड्या दिवसांच्या भेटीला आधी व्हिसा काढावा लागत नाही.

अमेरिका आणि कॅनडा: बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा शनिवार-रविवारी भरतात. न्यूयॉर्कच्या बाजूला रविवारी सकाळी १० वाजता वर्ग असेल तर अमरावतीत उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात आणि हिवाळ्यात रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. पडद्यावर भेटायला हे उत्तम, प्रत्यक्ष जायला महाग.

नेपाळ: वेळेचा फरक १५ मिनिटांचा. व्हिसा नाही. मुलांना पासपोर्टही लागत नाही, ते पुढे सांगतो.

ब्रिटन, जर्मनी: उन्हाळ्यात साडेचार आणि साडेतीन तासांचा फरक, हिवाळ्यात त्यात एकेक तास वाढवा. आपली दुपार म्हणजे त्यांची सकाळ. सकाळच्या शाळेला हे जमत नाही, दुपारच्या पाळीला जमतं.

ओळखी कुठून काढायच्या? शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपासून सुरुवात करा. वऱ्हाडातल्या बहुतेक शाळांचे दोन-चार जण तरी बाहेर आहेत. दुसरी वाट आयअर्नची. १९८८ पासून चालणारं हे शाळांचं जाळं शिक्षकांच्या देखरेखीखाली प्रकल्प जुळवून देतं. तिसरी वाट रोटरीची. अमरावती आणि अकोला दोन्ही रोटरीच्या डिस्ट्रिक्ट ३०३० मध्ये येतात. कमिशन मागणाऱ्या ‘इंटरनॅशनल टाय-अप’वाल्याला मात्र दारातूनच नमस्कार करा. दोन मुख्याध्यापकांच्या पत्रव्यवहाराला मध्यस्थ लागत नाही.

पडद्यावरची देवाणघेवाण: खर्च जवळपास शून्य

झूमच्या फुकट खात्यावर बैठक ४० मिनिटांची, गूगल मीटवर ६० मिनिटांची. शाळेचा तास तेवढाच असतो, पैसे देऊन खातं घेण्याची गरज नाही. नेट, प्रोजेक्टर आणि एक बरा माइक असला की झालं. माइकवर थोडे पैसे घाला, कॅमेऱ्यावर नको. चेहरा धूसर चालतो, आवाज तुटला की मुलं कंटाळतात.

दाखवायचं काय? ज्याला भाडं लागत नाही ते. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई असते. गाणी म्हणून झाली की खिरापतीचा डबा हलवून आत काय आहे ते ओळखायला लावतात. हा खेळ कॅमेऱ्यापुढे जसाच्या तसा चालतो: डबा माइकजवळ धरा, तिकडच्या मुलांना आवाजावरून ओळखू द्या, मग पुढच्या वेळी त्यांचा डबा आणि तुमची पाळी. खंजिरी भजन, मेळघाटातलं कोरकू नृत्य, रोडगे-वांग्याची भाजी हे सगळं असंच. मल्लखांब दाखवायचा असेल तर अमरावतीला त्याची जुनी सवय आहे. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. प्रत्यक्ष परदेशी जाणार असाल तर दोराचा मल्लखांब न्या. दोर सामानाच्या बॅगेत मावतो. लाकडी खांबाला मालवाहतुकीचं वेगळं भाडं पडतं.

महिने सांभाळा. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात. ब्रिटनच्या शाळा जुलै संपता संपता बंद होतात. म्हणून जुलैचे पहिले तीन आठवडे ओळखीला, नोव्हेंबर ते जानेवारी कार्यक्रमाला. फेब्रुवारीपासून आपल्याकडे परीक्षा; तेव्हा काही ठरवू नका.

दोन कागद मात्र लागतील. एक, प्रत्येक पालकाची लेखी संमती: फोटो, व्हिडिओ, नाव कुठे आणि किती दिवस दिसेल, हे त्यात लिहा. वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात १८ वर्षांखालील सगळे ‘मूल’ धरले आहेत आणि त्यांच्या माहितीला पालकांची संमती सांगितली आहे. दोन, मुख्याध्यापकांची परवानगी. शाळा जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची असेल तर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या आणि शिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवा. मुलांचे खासगी मोबाइल क्रमांक परस्पर देऊ नका. सगळा संपर्क शाळेच्या ईमेलवरून ठेवा.

तुम्ही जाणार असाल: पासपोर्ट

अमरावती आणि अकोला दोन्ही जिल्हे नागपूर प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतात. अर्ज ऑनलाइन करा, पैसे ऑनलाइन भरा, मग जवळच्या केंद्राची तारीख निवडा.

शुल्क: १८ वर्षांखालील मुलासाठी १,००० रुपये, पासपोर्ट पाच वर्षं किंवा मूल १८ वर्षांचं होईपर्यंत, जे आधी येईल तोवर चालतो. पंधरा ते अठरा वयाच्या मुलाला १,५०० रुपये भरून दहा वर्षांचा घेता येतो. दहावी-अकरावीतल्या मुलासाठी हाच घ्या. दोन वर्षांनी पुन्हा खेटे घालावे लागत नाहीत. मोठ्यांसाठी ३६ पानांचा १,५०० रुपये. तत्काळचे वर २,००० रुपये. म्हणजे बारा मुलांचा गट धरला आणि पाच वर्षांचे पासपोर्ट वेळेवर काढले तर १२,००० रुपये. शेवटच्या महिन्यात तत्काळ काढले तर ३६,०००. चोवीस हजारांचा फरक फक्त उशिराचा.

कागद: जन्मतारखेचा पुरावा, पालकाच्या नावाचा पत्त्याचा पुरावा, आई-वडिलांचे पासपोर्ट असतील तर त्यांच्या प्रती, आणि दोन्ही पालकांच्या सहीचं ‘परिशिष्ट डी’. एकाच पालकाची सही मिळणार असेल तर ‘परिशिष्ट सी’. दोन्ही साध्या कागदावर चालतात. यासाठी स्टॅम्प पेपर आणि नोटरी करायला सांगणारा स्वतःची कमाई बघतोय. केंद्रावर मुलासोबत एक पालक हवा. सगळ्या वर्गाला घेऊन गेलेले सर पालकाच्या जागी चालत नाहीत.

घरातून निघण्याआधी आधार, जन्मदाखला आणि शाळेचा दाखला शेजारी शेजारी ठेवून इंग्रजी स्पेलिंग अक्षर अक्षर ताडा. एकीकडे ‘प्रतीक्षा’च्या ‘ती’ला एक आय, दुसरीकडे दोन ई, एकीकडे वडिलांचं नाव पूर्ण, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. एवढ्यावरून फाइल अडते. दुरुस्ती आधी, अर्ज नंतर. जन्माची नोंद उशिरा केलेली असेल तर आणखी वेळ धरा. २०२५ पासून राज्यात अशा दाखल्यांची छाननी कडक झाली आहे.

पोलीस पडताळणीला वेगळं शुल्क नाही. पासपोर्टच्या नावाने खोट्या वेबसाइटही फिरतात. खऱ्या पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असतं. सायबर कॅफेत अर्ज भरून घेतलात तर त्याची मजुरी द्या, पण लॉगिन आणि पासवर्ड तुमच्याच ईमेलवर ठेवा. नाहीतर तारीख बदलायला पुन्हा त्याच्याच दारात जावं लागेल.

नेपाळला पासपोर्टशिवाय

पंधरा वर्षांखालील भारतीय मुलांना वय आणि ओळख पटवणारं फोटोचं ओळखपत्र पुरतं. पंधरा ते अठरा वयाच्या मुलांना मुख्याध्यापकांनी ठरलेल्या नमुन्यात दिलेलं ओळख प्रमाणपत्र चालतं. सोबतच्या शिक्षकांकडे मात्र पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र हवं. मोठ्यांना आधार चालत नाही. बारा मुलांचा पासपोर्ट आणि व्हिसा असा दोन्ही खर्च इथे वाचतो. पहिलीच वेळ असेल आणि हात आखडता असेल तर नेपाळचा विचार आधी करा.

व्हिसा: एक सूट जी कोणी सांगत नाही

युरोपच्या शेंगेन देशांचा व्हिसा मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांखालील मुलांना ४५ युरो, सहा वर्षांखाली माफ. पण शिक्षणासाठी जाणारे शालेय विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचे शिक्षक यांना नियमातच हे शुल्क माफ आहे. मिळवायचं कसं? यजमान शाळेच्या लेटरहेडवर निमंत्रण घ्या. त्यात मुलांची आणि शिक्षकांची नावं, तारखा, वर्गात काय करणार आणि राहण्याची सोय कोणाची, हे स्पष्ट लिहिलेलं हवं. तुमच्या शाळेचं पत्रही तसंच. एजंट हीच सहल ‘पर्यटन’ म्हणून दाखवतो आणि माणशी ९० युरो जातात. बारा मोठ्या मुलांचे १,०८० युरो होतात, म्हणून हे आधी विचारा. अर्ज केंद्राची सेवा फी मात्र वेगळी द्यावी लागते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटची मुदत पंधरा दिवस आधी. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा सक्तीचा आहे. किंमत तीन ठिकाणी विचारून घ्या.

अमेरिकेचा भेटीचा व्हिसा अर्ज १८५ डॉलरचा. नकार आला तरी पैसे परत नाहीत.

अर्ज केंद्रावर एसएमएस, कुरिअर, प्रीमियम लाउंज, फोटो, झेरॉक्स असं बरंच विकायला असतं. हे सगळं ऐच्छिक. झेरॉक्स अमरावतीतून काढून न्या. अपोस्टिल, म्हणजे परदेशासाठी कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का, कोणी सुचवलं तर थांबा. थोड्या दिवसांच्या भेटीला ते सहसा लागत नाही, आणि लागलं तरी सरकारी शुल्क कागदामागे ५० रुपये आणि वर सेवा केंद्राची फी एवढंच आहे. पालकांच्या संमतीचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र काही दूतावास मागतात. राज्यात ऑक्टोबर २०२४ पासून १०० ऐवजी ५०० रुपयांचा स्टॅम्प झाला आहे. दूतावास मागत नसेल तर उगाच करून ठेवू नका.

मुंबई गाठणं: अमरावती–मुंबई एक्स्प्रेस संध्याकाळी निघून अकोल्यावरून सकाळी मुंबईला पोचते. व्हिसाच्या कामाला हीच बरी. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईचं विमान सुरू झालं, पण ते रोज नसतं. परदेशाच्या विमानाला ते जोडून घेणार असाल तर मध्ये एक रात्र सोडा. नागपूरपर्यंत गट न्यायचा असेल तर एसटीची शालेय सहलीची ५० टक्के सवलत मागा. त्यासाठी शाळेचं पत्र आणि आधी नोंदणी लागते.

सोबत जाणारे शिक्षक सरकारी नोकरीत किंवा सरकारी नियंत्रणातल्या संस्थेत असतील आणि त्यांचा खर्च परदेशी यजमान करणार असेल, तर केंद्रीय गृह मंत्रालयाची पूर्वपरवानगी लागते. अर्ज ऑनलाइन, प्रवासाच्या किमान दोन आठवडे आधी. तुमच्या शिक्षकांना हे लागू आहे का, ते शिक्षणाधिकाऱ्यांकडून लेखी घ्या. नोकरी त्यांची आहे.

ते इकडे येणार असतील

पाहुण्यांना भारताचा ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावरून काढायला सांगा. तीस दिवसांच्या पर्यटन ई-व्हिसाचं शुल्क बऱ्याच देशांना एप्रिल ते जूनमध्ये १० डॉलर आणि उरलेल्या महिन्यांत २५ डॉलर असतं, वर बँकेचा आकार. यापेक्षा फार जास्त मागणारं पान दिसलं तर ते दलालाचं आहे. गाठीभेटी आणि फिरणं एवढंच असेल तर पर्यटन व्हिसा पुरतो. नियमित वर्गात बसणार असतील तर आधी भारतीय दूतावासाला विचारू द्या.

परदेशी पाहुणा ज्याच्या घरी किंवा वसतिगृहात उतरेल त्याने २४ तासांत परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या पोर्टलवर माहिती भरायची असते. लोक याला ‘सी-फॉर्म’ म्हणतात. फुकट आहे, पण चुकवलं तर यजमान अडकतो. दहा मुलं दहा घरी राहणार असतील तर दहा नोंदी. लॉगिन पाहुणे यायच्या आठवडाभर आधी काढून ठेवा. शंका आली तर अमरावती शहरात पोलीस आयुक्त कार्यालय, अकोल्यात पोलीस अधीक्षक कार्यालय.

मुलगा किंवा मुलगी वर्षभर जाणार असेल तर

रोटरी यूथ एक्सचेंजचा दीर्घ कार्यक्रम पूर्ण शैक्षणिक वर्षाचा, छोटा काही दिवसांपासून तीन महिन्यांचा. वय १५ ते १९. आई-वडील रोटरीचे सभासद असण्याची अट नाही. सर्वसाधारण वाटणी अशी: विमानाचं तिकीट, विमा, व्हिसा तुमचा, राहणं-जेवण यजमान कुटुंबाचं, शाळा आणि थोडा हातखर्च यजमान क्लबचा. सही करण्याआधी विचारा: बदल्यात आमच्या घरी परदेशी मुलगा किती महिने राहणार? हा खर्च कोणत्याच पत्रकात नसतो.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या पैशाने चालणारा ‘येस’ हा शिष्यवृत्ती कार्यक्रम २००२ मध्ये सुरू झाला. भारतातली निवड एएफएस इंडियाकडून होत आली आहे. तुम्हाला जायचंय त्या वर्षी अर्ज खुले आहेत का, ते थेट त्यांच्याकडे बघा. पूर्ण शिष्यवृत्तीच्या नावाखाली कोणी ‘निवड शुल्क’ मागितलं तर तो माणूस खरा नाही.

परत आल्यावर मूल कोणत्या इयत्तेत बसणार, हे जाण्याआधी शिक्षण मंडळाशी बोलून लेखी घ्या. अकरावीतलं वर्ष वाया गेलं तर तो सगळ्यात मोठा खर्च ठरतो.

इथे निधी गोळा करताना

आनंद मेळावा, नृत्य-संगीताचा कार्यक्रम, रद्दी संकलन. तिन्ही चालतात, पण पैसा शाळेच्या नोंदणीकृत संस्थेच्या नावानेच घ्या. मुलांच्या गटाने स्वतःच्या नावाने धर्मादाय कामासाठी वर्गणी मागितली तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाकडे जावं लागतं. गणेश मंडळं घेतात तीच ही परवानगी. अर्ज ऑनलाइन होतो. कार्यालयं अमरावतीत आणि अकोल्यात दोन्हीकडे आहेत. नोंदणीकृत संस्थेचं पावतीपुस्तक वापरलंत तर ही पायरी वाचते.

क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचा लावा. सरांच्या खासगी खात्यावर पैसे घेतले की वर्षअखेर त्यांच्या विवरणपत्रात प्रश्न उभा राहतो. संस्थेकडे ८०जी, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीची मान्यता, असेल तर देणगीदाराला दोन गोष्टी आधीच सांगा: २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत नाही, आणि नवी करप्रणाली निवडलेल्याला ही सवलत मिळतच नाही.

सभागृह: अमरावतीत संत ज्ञानेश्वर सांस्कृतिक भवन, अकोल्यात प्रमिलाताई ओक सभागृह. भाडं विचारताना एकच आकडा ऐकून उठू नका. अनामत किती, वातानुकूलन धरून की वेगळं, जनरेटरचं डिझेल कोणाचं, सफाई, ध्वनियंत्रणा, तालमीचे तास, जादा तासाचा दर हे सगळं एका कागदावर लिहून घ्या.

गाणी: प्रेक्षक फक्त विद्यार्थी, शिक्षक आणि पालक असतील तर शाळेच्या कार्यक्रमाला कॉपीराइट कायद्यात सूट आहे. तिकीट लावून गावाला बोलावलंत की सिनेमाच्या गाण्याला परवाना लागतो आणि त्याची फी. भुलाबाईच्या पारंपरिक गाण्यांना लागत नाही. हाही एक हिशेब. जाहीर कार्यक्रमाला आणि ध्वनिक्षेपकाला पोलिसांची परवानगी घ्या. आवाज रात्री १० ला बंद. नृत्य-संगीताचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत ठेवलंत तर जीएसटी नाही.

बाहेरचा खाद्यविक्रेता मेळाव्यात येणार असेल तर त्याची अन्न नोंदणी बघा. छोट्या विक्रेत्याला ती वर्षाला १०० रुपयांत मिळते, तेव्हा ‘नाही काढली’ हे कारण ऐकू नका. तिकिटं विकून लकी ड्रॉ काढू नका. परवानगीशिवाय सोडत हा गुन्हा आहे.

परदेशातून पैसा: इथे थांबा

परकीय योगदान नियमन कायदा, २०१०. लोक ‘एफसीआरए’ म्हणतात. परदेशी माणसाकडून किंवा संस्थेकडून आलेली देणगी, कितीही छोटी असो, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या शाळेला किंवा संस्थेला घेता येत नाही. शंभर डॉलरलाही हाच नियम. मोडला तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही.

नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. ‘दर्पण’ पोर्टलचा क्रमांक लागतो. तो फुकट मिळतो. सगळा परदेशी पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावा लागतो. त्यासाठी दिल्लीला जावं लागत नाही, जवळच्या शाखेतून कागद जातात. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत. वार्षिक विवरण ३१ डिसेंबरपर्यंत, आणि वर्षभरात एक रुपया आला नसला तरी ‘निरंक’ भरावंच लागतं. सनदी लेखापालाची दरवर्षीची फी धरली तर एका वाचनालयाच्या देणगीसाठी हा खटाटोप परवडत नाही. एकाच देणगीदाराकडून एकाच कामासाठी ठरलेली रक्कम येणार असेल तर पूर्वपरवानगीची वाट आहे. तिला तीन वर्षांची अट नाही, पण वेळ लागतोच.

आता बारकावा. परदेशी राहणारा माजी विद्यार्थी अजून भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे देत असेल, तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. त्याच्या पासपोर्टची प्रत फाइलला लावा. तोच माणूस अमेरिकेचा नागरिक झाला, ओसीआय कार्ड घेतलं, तर कायद्याने परदेशी. आणि त्याच्या तिथे जन्मलेल्या मुलीने मराठी शाळेत लाडू विकून जमवलेले डॉलरही परदेशीच. आडनाव देशमुख असलं तरी!

वस्तूही यातच मोडतात. शाळेला पाठवलेली पुस्तकं, टॅब्लेट, खेळाचं साहित्य म्हणजे योगदानच. जुने लॅपटॉप तर नकोच म्हणून सांगा. वापरलेल्या लॅपटॉपच्या आयातीवर वेगळे निर्बंध आहेत. ते सीमाशुल्क खात्यात अडकतात आणि गोदामाचं भाडं तुमच्या नावावर चढतं.

मग वाट कोणती? तीन आहेत.

एक: दोन्हीकडची मुलं एकाच विषयावर, एकाच आठवड्यात निधी जमवतात आणि आपापल्या गावात खर्च करतात. ब्रिटनच्या शाळांमध्ये गणवेशाविना यायचा दिवस ठेवून मुलांकडून एखादा पौंड घेतात. तुम्ही आनंद मेळावा भरवा. तिकडे त्यांच्या वाचनालयाला पुस्तकं, इकडे तुमच्या. हिशेब एकमेकांना पडद्यावर दाखवा. कागद शून्य.

दोन: परदेशी शाळा तुमच्या भागात काम करणाऱ्या, एफसीआरए नोंदणी असलेल्या संस्थेला थेट देणगी देते. नोंदणी चालू आहे का, ते गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर जिल्हावार बघा. ती संस्था तो पैसा पुढे तुमच्या शाळेला देऊ शकत नाही. २०२० च्या दुरुस्तीने ते बंद केलं. काम तिनेच करायला हवं. ‘आमच्या खात्यातून फिरवून देतो, दहा टक्के ठेवतो’ म्हणणाऱ्याबरोबर चहासुद्धा घेऊ नका.

तीन: आपत्तीसाठी मदत असेल तर मुख्यमंत्री सहायता निधी. त्याला २०२५ मध्ये परदेशी देणगी घेण्याची परवानगी मिळाली.

इकडून तिकडे पैसा

मुलांनी जमवलेले पैसे परदेशी शाळेला पाठवायचे? शाळेच्या संस्थेने पाठवले तर भारताबाहेरच्या खर्चाला आयकर सवलत सहसा मिळत नाही. त्यासाठी मंजुरी लागते. व्यक्ती म्हणून पालक वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बँकेतून पाठवू शकतात, भेट आणि देणगीसुद्धा. पण वर्गणीचा पैसा पालकाच्या खात्यातून वळवणं हा हिशेबाचा घोळ आहे. पहिल्या वाटेवरच राहा.

छुपे खर्च, एका दमात

टूर कंपनीचं परदेशी ‘पॅकेज’ घेतलंत तर पहिल्या रुपयापासून टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला जातो. त्याचा दर अर्थसंकल्पात बदलू शकतो, त्या वर्षीचा विचारा. हा पैसा बुडत नाही, विवरणपत्र भरून वळता होतो. पण पावती पालकाच्या पॅनवर हवी, शाळेच्या नावावर नको. चलन बदलताना किमान ४५ रुपये जीएसटी दर व्यवहाराला, म्हणून दहा वेळा थोडं थोडं न घेता एकदाच घ्या. परदेशात कार्ड घासताना ‘रुपयांत घेऊ का?’ असं यंत्राने विचारलं तर नाही म्हणा आणि तिथलं चलन निवडा. बँकेतून परदेशी पैसे पाठवताना मधल्या बँकेचा आकार कोण भरणार, ते अर्जात असतं. न विचारता सही केली की रक्कम कमी पोचते. मोबाइलचं रोमिंग, विमानातलं जादा सामान, शिक्षकांचा खर्च कोणत्या मुलाच्या वाट्याला किती, आणि एखाद्याला व्हिसा नाकारला तर त्याचे पैसे कोणत्या तारखेपर्यंत परत, हे पालकसभेत लिहून वाचा आणि सह्या घ्या.

कधी काय कराल?

जुलै: जोडीदार शाळा, पालकांची संमती, पहिली भेट पडद्यावर. ऑगस्ट-सप्टेंबर: कागदांची स्पेलिंगं ताडणं, पासपोर्टचे अर्ज, भुलाबाईची तयारी. ऑक्टोबर-नोव्हेंबर: निमंत्रणपत्र, निधीचा कार्यक्रम, सभागृह. डिसेंबर-जानेवारी: व्हिसा, दोन्हीकडचा हिशेब. मे: प्रवास. पहिल्या वर्षी फक्त पडद्यावर भेटा. ती शाळा वेळेवर उत्तर देते का, मुलं टिकतात का, ते कळेल. मग प्रवासाचे पैसे मागा.

हिशेबाची वही एका विद्यार्थ्याकडे, पावतीपुस्तक कार्यालयात, खात्यावर संस्थेच्या दोघांच्या सह्या. आणि परदेशातून ‘खाते क्रमांक पाठवा’ असा निरोप आला तर उत्तर तयार ठेवा: ‘आभार. पैसे तिकडेच खर्च करा आणि आम्हाला फोटो पाठवा.’